दुःख एकाचं, उपदेश दुसऱ्याचा

धर्म माणसाला नीतीने वागायला शिकवतो, आणि नीतीने वागायचं म्हणजे दुसऱ्याचं दुःख हलकं करायचं. ही दोन विधानं आपण इतक्या सहज एका दमात बोलून जातो की त्यांच्यामधला सांधा तपासायचं राहूनच जातं. हा सांधा काही ठिकाणी पक्का आहे, काही ठिकाणी अगदीच कच्चा. धर्माच्या नावाने रुग्णालयं निघाली, भुकेल्यांची पोटं भरली. धर्माच्याच नावाने माणसं गुलाम ठेवली गेली आणि आजाऱ्याला ‘तुझ्याच पापाचं फळ’ म्हणून वाळीत टाकलं गेलं. ‘धर्म चांगला, माणसं वाईट’ म्हणा किंवा ‘धर्म हेच सगळ्याचं मूळ’ म्हणा, दोन्ही उत्तरांनी गुंता आहे तिथेच राहतो. म्हणून दुःख समोर आलं की धार्मिक नीती नेमकं करते काय, हे जरा जवळून बघू.

सुरुवातीलाच एक मान्य करायला हवं. धार्मिक नीतीतल्या बऱ्याच गोष्टींचा दुःख कमी करण्याशी थेट संबंध नसतो. उपास, व्रत, प्रार्थनेच्या वेळा, शपथा, काय खावं आणि काय खाऊ नये, हे सगळं माणूस आणि त्याचा देव यांच्या नात्यातलं असतं. ‘याने कुणाचं दुःख कमी झालं?’ असं प्रत्येक नियमाला विचारत बसणं म्हणजे त्याने मागितलेलीच नाही ती परीक्षा त्याच्याकडून घेणं. खरी कसोटी लागते ती नियम एका बाजूला आणि जिवावर बेतलेला माणूस दुसऱ्या बाजूला, अशी वेळ येते तेव्हा.

महाभारताच्या कर्णपर्वात कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट आहे. कायम खरंच बोलायचं, हे त्याचं व्रत. दरोडेखोरांच्या भीतीने पळालेली काही माणसं त्याच्या जवळच्या रानात लपतात. मागोमाग दरोडेखोर येतात आणि ‘सत्याला स्मरून सांग, ती कुठे गेली?’ असं विचारतात. कौशिक रानाकडे बोट दाखवतो. माणसं सापडतात, मारली जातात, आणि कौशिक नरकात जातो. ही गोष्ट कृष्ण अर्जुनाला ऐन युद्धात सांगतो, तेही अर्जुन एका शपथेपायी थोरल्या भावावर, युधिष्ठिरावर, तलवार उपसून उभा असताना. प्राणिमात्रांच्या भल्यासाठीच धर्म सांगितला गेला आहे, असं कृष्ण तिथे म्हणतो. गोष्टीतली खरी मेख मला कौशिकाच्या निर्मळपणात दिसते. त्याने लाच घेतली नाही, कुणाचा सूड उगवला नाही. त्याने फक्त आपलं व्रत सांभाळलं, आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी चुकवली.

ज्यू परंपरेत हाच पेच जास्त बारकाईने सोडवलेला दिसतो. शब्बाथच्या, म्हणजे आठवड्यातल्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी काम करायचं नाही, हा त्यांचा अतिशय कडक नियम. मग त्याच दिवशी भिंत कोसळली आणि खाली कुणी अडकला असेल तर? मिश्ना या ज्यूंच्या जुन्या नियमसंग्रहाचं उत्तर स्पष्ट आहे: उपसा. तो खाली आहे की नाही याची खात्री नसली तरी उपसा, जिवंत आहे की नाही याची शंका असली तरी उपसा. एक शब्बाथ मोडल्याने तो माणूस पुढचे अनेक शब्बाथ पाळू शकेल, असा युक्तिवाद तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नावरच्या चर्चेच्या ग्रंथात येतो. बाराव्या शतकातले ज्यू धर्मपंडित मायमोनिदीस आणखी पुढे जातात. आजाऱ्यासाठी शब्बाथ मोडायची वेळ आली तर ते काम परधर्मीयाकडून किंवा लहान मुलाकडून करवून घेऊ नका, समाजातल्या मोठ्या विद्वानांनीच ते करावं, असं ते सांगतात. नियम मोडताना कुणी शरमेने लपूनछपून मोडू नये, वाचवणं हेच इथे धर्मपालन आहे हे सगळ्यांना दिसावं, असा मी त्याचा अर्थ लावतो. धर्माचे नियम जगावर सूड उगवायला आलेले नाहीत, ते दया, करुणा आणि शांती आणायला आहेत, हेही त्यांनी तिथेच लिहून ठेवलं आहे. अर्थात सवलतीला सीमा आहे. स्वतःचा जीव वाचवण्यासाठीसुद्धा दुसऱ्याचा खून, मूर्तिपूजा आणि निषिद्ध लैंगिक संबंध या तीन गोष्टी चालत नाहीत.

इस्लामी धर्मशास्त्रातही ‘निकड निषिद्धाला मुभा देते’ हे सूत्र आहे, आणि त्याला लागूनच ‘मुभा निकडीपुरतीच’ हे दुसरं. भुकेने जीव जायची वेळ आली तर निषिद्ध अन्न खाल्ल्याचं पाप लागत नाही. आजाऱ्याने आणि प्रवाशाने उपास पुढे ढकलावा, हे तर कुराणातच आहे.

एवढ्यावर थांबता आलं असतं तर काम सोपं होतं. नियम आणि जीव यांत बहुतेक परंपरा जिवाच्या बाजूने झुकतात, असं म्हणून लेख संपवता आला असता. पण दुःखासमोर धर्म फक्त नियम सांगत नाही. तो दुःख दूर करायला सांगतो, सोसायला बळ देतो, आणि ते का आलं याचं उत्तरही देतो. घोटाळा होतो तो या तिसऱ्या कामात.

बायबलमधल्या ईयोबाची मुलं जातात, संपत्ती जाते, अंगभर फोड येतात. तीन मित्र भेटायला येतात. सुरुवातीला ते जे करतात ते फार सुंदर आहे: सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसतात, एक अक्षर बोलत नाहीत. मग मात्र त्यांची तोंडं सुटतात. तू काहीतरी पाप केलं असणार, देव उगीच कुणाला शिक्षा करत नाही, कबूल कर आणि मोकळा हो. ईयोब ऐकत नाही, उलट देवालाच जाब विचारतो. शेवटी देव येतो आणि रागावतो ते या मित्रांवर. माझ्याविषयी तुम्ही जे बोललात ते बरोबर नव्हतं, ईयोब बोलला ते बरोबर होतं, असं तो त्यांना सुनावतो. देवाची वकिली करायला निघालेल्यांना देवानेच खोटं पाडावं, हा प्रसंग धर्मग्रंथात असूनही धर्मोपदेश करणाऱ्यांना बहुधा आठवत नाही.

ही चूक निष्ठूर माणसंच करतात असंही नाही. १५ जानेवारी १९३४ ला बिहार आणि नेपाळ प्रचंड भूकंपाने हादरले, हजारो माणसं गेली. गांधीजींनी जाहीरपणे म्हटलं की, हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल देवाने दिलेली शिक्षा आहे. अस्पृश्यता हे माणसांनी माणसांना दिलेलं खरंखुरं दुःख होतं आणि गांधीजी तेव्हा तिच्याविरुद्धच देशभर फिरत होते. हेतूबद्दल शंका घ्यायला जागा नाही. तरी रवींद्रनाथ टागोरांनी कडाडून विरोध केला. नैसर्गिक आपत्तींची कारणं निसर्गातच असतात, असं त्यांनी लिहिलं. शिवाय एक मार्मिक गोष्ट दाखवली: हा युक्तिवाद विरोधकांनाच जास्त शोभेल, उद्या तेही म्हणतील की, गांधी आणि त्यांचे अनुयायी धर्म बुडवायला निघाले म्हणूनच देव कोपला. टागोरांच्या या मुद्द्याला माझ्या मते तोड नाही. दुःखाला दैवी कारण चिकटवण्याची मुभा एकाला दिली की ती सगळ्यांनाच मिळते. आणि ढिगाऱ्याखाली सापडलेल्यांत अस्पृश्य मानले गेलेले लोकही होतेच, त्यांना ही शिक्षा कशाबद्दल, याचं उत्तर या हिशेबात बसत नाही.

मग ‘देवाची इच्छा’, ‘कर्माचे भोग’ ही वाक्यं टाकूनच द्यायची का? मला तसं वाटत नाही. बघायचं ते इतकंच की वाक्य कुणाच्या तोंडी आहे. खाटेवर पडलेला माणूस स्वतःविषयी ‘यातही देवाची काही योजना असेल’ म्हणतो, तेव्हा तो वाक्याला धरून उभा राहायचा प्रयत्न करत असतो. ते वाक्य त्याच्यापासून हिरावून घ्यायचा अधिकार कुणालाच नाही, नास्तिकालाही नाही. तेच वाक्य खाटेशेजारचा धडधाकट माणूस बोलला की त्याचा अर्थ पालटतो. ‘यात माझ्याकडे काही लागत नाही’ एवढाच तो अर्थ उरतो. कर्मसिद्धांत मानणाऱ्याने तर इथे जास्तच जपून असावं. त्याच सिद्धांताप्रमाणे बघायचं तर आजाऱ्याचं कर्म आजाऱ्यापाशी, पण त्याला पाणी न देण्याचं कर्म न देणाऱ्याच्या खात्यावर. हा उत्तरार्ध गाळून सिद्धांत वापरला की तो धर्म उरत नाही, सोय होते. अशी सोय पिढ्यानपिढ्या कुणाची झाली आणि कुणाची परवड झाली, हे नव्याने सांगायला नको.

दुःखाचं स्पष्टीकरण आणि दुःखावरचा इलाज यांची टक्कर स्पष्ट दिसते ती देवीच्या रोगाच्या इतिहासात. १७२१ मध्ये बॉस्टनमध्ये देवीची साथ पसरली. रोग्याच्या फोडातला पू निरोगी माणसाच्या कातडीवर चरा पाडून त्यात घालायचा, म्हणजे सौम्य देवी येऊन माणूस पुढे सुरक्षित होतो, ही पद्धत आफ्रिका आणि आशियात आधीपासून चालत होती. बॉस्टनमध्ये तिची शिफारस केली कॉटन मॅदर या कडव्या प्युरिटन (ख्रिस्ती धर्मातला एक कर्मठ पंथ) धर्मोपदेशकाने. त्याला ती कळली होती त्याच्याच घरातल्या ओनेसिमस नावाच्या आफ्रिकी गुलामाकडून. विरोधाचं नेतृत्व मात्र केलं विल्यम डग्लस या डॉक्टरने. लोक इतके भडकले की मॅदरच्या घरात पेटवलेला बॉम्बगोळा फेकण्यात आला, नशिबाने तो फुटला नाही. झाब्दिएल बॉयलस्टन या वैद्याने सुमारे अडीचशे जणांना टोचलं, त्यांतले सहा दगावले. टोचून न घेता ज्यांना देवी आल्या, त्यांच्यात साधारण सात जणांमागे एक मेला.

पुढच्याच वर्षी, १७२२ मध्ये, लंडनमध्ये एडमंड मॅसी या पाद्र्याने टोचण्याविरुद्ध प्रवचन दिलं. रोग देव पाठवतो, श्रद्धेची परीक्षा घ्यायला किंवा पापाची शिक्षा म्हणून. तो अधिकार माणसाने हातात घेणं पाप आहे, अशी त्याची मांडणी. ईयोबाच्या अंगावरचे फोड म्हणजे सैतानाने त्याला टोचलेल्या देवीच होत्या, असंही त्याने सुचवलं. आता बघा: धर्म एकच, ग्रंथ एकच, दोघंही धर्मोपदेशक, दोघांचीही श्रद्धा पक्की. इलाज सापडला ही देवाची कृपा, असं एकाला वाटलं. दुसऱ्याला तोच इलाज देवाच्या कामात ढवळाढवळ वाटला. ग्रंथात काय लिहिलंय यावरून हा फरक पडलेला नाही. मॅदरच्या शहरात माणसं मरत होती आणि आकडे त्याच्या डोळ्यांसमोर होते, हे त्याच्या बाजूने काही अंशी सांगता येईल. पण त्याला फार मोठं करायलाही नको. बॉस्टनजवळच्या सेलम गावात १६९२ मध्ये चेटकिणी ठरवून माणसांना फासावर दिलं गेलं, तेव्हा त्या खटल्यांची पाठराखण याच मॅदरने केली होती. आणि ज्याच्यामुळे जीव वाचले तो ओनेसिमस त्याच्या मालकीचा होता.

कुणाचं दुःख मोजायचं, हा प्रश्न इथेच येतो. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनमध्ये क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या काही मंडळींनी १६८८ मध्येच गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध केला. इतरांनी आपल्याशी जसं वागावं असं वाटतं तसंच आपण इतरांशी वागावं, हा त्यांचा आधार, म्हणजे थेट ख्रिस्ताची शिकवण. त्याच शिकवणीवर वाढलेल्या अमेरिकेच्या दक्षिणेतल्या बाप्टिस्ट या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी १८४५ मध्ये वेगळी संघटना काढली, कारण गुलाम बाळगणाऱ्याला धर्मप्रचारक नेमायचं की नाही यावरून त्यांचं उत्तरेकडच्यांशी फाटलं. त्याबद्दल त्यांनी जाहीर माफी मागितली ती १९९५ मध्ये. दयेचा उपदेश दोन्हीकडे होता. दया कुणापर्यंत पोचते याची सीमा मात्र उपदेशात आखलेली नव्हती, ती लोकांनी आपापल्या सोयीने आखली.

पण समजा सीमाही बरोबर आखली, मनही दयाळू आहे. मग मदत होते का? १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी प्रिन्स्टनच्या धर्मविद्यालयातले चाळीस विद्यार्थी घेतले, म्हणजे उद्याचे धर्मोपदेशकच. प्रत्येकाला शेजारच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायचं होतं. काहींना विषय दिला होता बायबलमधली चांगल्या शोमरोनी माणसाची गोष्ट: वाटेत लुटून टाकलेला माणूस, त्याला बघून पुढे गेलेले दोन धर्माधिकारी, आणि थांबून मदत करणारा परका. वाटेतल्या एका बोळात प्रयोगकर्त्यांनी एक माणूस बसवून ठेवला होता, मान खाली घातलेला, खोकणारा, कण्हणारा. कोण थांबलं? भाषणाचा विषय कुठला आहे याने लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. फरक पडला घाईने. निवांत असलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, ‘उशीर झालाय, पळा’ असं ज्यांना सांगितलं होतं त्यांच्यापैकी फक्त १० टक्के. दयेच्या गोष्टीवरच बोलायला निघालेल्यांपैकी काही जण त्या माणसाला अक्षरशः ओलांडून गेले. चाळीस जणांवरून जगाचा निष्कर्ष काढू नये हे खरंच, पण उपदेश कानावर पडला म्हणजे हात पुढे येतो हा समज यातून चांगलाच हलतो.

धर्मसंस्थापकांना हे बहुधा प्रयोगाशिवायच कळलं होतं. म्हणून दया नुसती मनावर न सोडता तिचं कर्तव्य करून टाकायची खटपट जुनी आहे. इस्लाममधली जकात ही मनात आलं तर द्यायची भीक नव्हे. ठरावीक मर्यादेवरच्या शिल्लक संपत्तीचा चाळिसावा भाग दरवर्षी द्यायचाच असतो, आणि तो कुणाला द्यायचा याचे आठ वर्ग कुराणात दिलेत. त्यांत गरीब आणि गरजू आहेत, कर्जात बुडालेले आहेत, गुलामांची सुटकाही आहे. देणाऱ्याला त्या दिवशी कणव वाटते की नाही, हा प्रश्नच उरत नाही. चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या कैसरिया शहराचा बिशप बासिल याने शहराबाहेर आजारी आणि निराधारांसाठी वसाहतच उभारली, कुष्ठरोग्यांसकट. तिथे काळजी घेणं हे रोजचं काम होतं, लहर नव्हती.

विनयपिटक या बौद्ध भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातल्या महावग्ग या भागात याच धाटणीचा एक प्रसंग आहे, आणि धार्मिक नीतीबद्दल मी वाचलेल्यांपैकी मला तो सगळ्यात नेमका वाटतो. अतिसार झालेला एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडलेला बुद्धांना दिसतो. तुझी शुश्रूषा कुणी करत नाही का, असं ते विचारतात. तो म्हणतो, मी भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून तेही माझ्याकडे बघत नाहीत. बुद्ध आनंद या आपल्या शिष्याला पाणी आणायला सांगतात. एक जण पाणी ओततो, दुसरा धुतो, मग एकाने डोक्याकडून आणि एकाने पायांकडून उचलून त्याला खाटेवर निजवतात. त्यानंतर सगळ्यांना बोलावून बुद्ध सांगतात: इथे तुमची आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांचं केलं नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी. दुःखाचं मूळ कशात आहे हे समजावण्यात ज्यांनी आयुष्य घालवलं, त्यांनी त्या माणसाला तुझी तृष्णा कमी कर असं सांगितलं नाही. आधी धुऊन घेतलं.

आता सगळ्यात अवघड भाग. दुःख दूर करणं हेच नीतीचं एकमेव माप असतं, तर धार्मिक आणि निधर्मी माणसांत मरणाच्या दारात भांडण व्हायचं कारण नव्हतं. वेदना शमवण्यापुरतं ते भांडण बरंचसं मिटलंही आहे. एडिंबराच्या डॉक्टर जेम्स सिम्प्सन यांनी १८४७ मध्ये बाळंतपणात भुलीसाठी क्लोरोफॉर्म वापरायला सुरुवात केली, तेव्हा ‘वेदनेने मुलांना जन्म देशील’ हा बायबलमधला शाप त्यांच्यासमोर धरला जाईल हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांनी उत्तरही बायबलमधूनच दिलं: आदामाची फासळी काढण्याआधी देवाने त्याला गाढ झोप आणली होती. १९५७ मध्ये पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांना सांगितलं की दुसरा उपाय नसेल आणि रुग्णाची इतर धार्मिक, नैतिक कर्तव्यं त्यामुळे अडत नसतील, तर वेदना शमवण्यासाठी औषध देता येईल, त्याने आयुष्य थोडं कमी होण्याची शक्यता असली तरी. हेतू वेदना शमवण्याचा हवा, मारण्याचा नको. १९६७ मध्ये सिसिली सॉन्डर्स यांनी लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणासन्न रुग्णांची काळजी घेणारं केंद्र, सुरू केलं. आधी परिचारिका, मग समाजसेविका, मग डॉक्टर झालेल्या या श्रद्धाळू ख्रिस्ती बाईंनी मॉर्फिन वेदना उसळल्यावर न देता त्याआधीच नेमाने देण्याची पद्धत रुजवली. इच्छामरणाला त्यांचा विरोध होता, आणि वेदना नीट शमवली तर मरणाची मागणी उरणार नाही, असा त्या विरोधामागचा एक भरवसा होता.

तो भरवसा काही अंशीच खरा ठरला. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात १९९७ पासून मरणासन्न रुग्णाला डॉक्टरकडून प्राणघातक औषध मागण्याची कायद्याने मुभा आहे, आणि अशा रुग्णांनी दिलेल्या कारणांची दरवर्षी नोंद होते. त्यात वेदनेचा नंबर बराच खाली लागतो. वर असतं ते स्वतःवरचा ताबा जाणं, आनंद देणारं काही करता न येणं, आब जाणं. मॉर्फिनने हे भरून निघत नाही. कुणावर तरी अवलंबून राहावं लागणं हेच दुःख मानायचं की तो माणूसपणाचाच भाग मानायचा, या प्रश्नावर बहुतेक धार्मिक परंपरा आणि त्यांचे आजचे टीकाकार वेगळे होतात. दोघांच्याही मनात करुणा असते, त्यामुळे तिच्या जोरावर हा वाद सुटत नाही. इतकं मात्र म्हणता येतं की अवलंबून राहण्यात कमीपणा नाही असं जी परंपरा सांगते, तिने त्या माणसाच्या खाटेशी रात्रपाळीला कोण बसणार हेही सांगायला हवं.